समुद्रावर शेकणारं गाव

आधीच सांगून टाकते. ज्यांना बर्फाची वर्णनं वाचायचीत त्यांनी दुसरं काहीतरी उघडावं. बर्फ होता, पांढरा होता, बोटं सुन्न करत होता. संपलं. मी नॉर्वेला गेले ती एका भांडणापायी, आणि ते भांडण कोल्हापुरातल्या एका सरकारी प्रसूतिगृहाचं होतं. पत्रकात मी सगळ्यांची नावं घेतली होती. इथं घेत नाही. भांडण मिटलंय, आणि ते कसं मिटलं तेच सांगायला बसलेय.

कोल्हापूर, निघण्याआधी

शाहूपुरीजवळच्या त्या प्रसूतिगृहात बाळंतिणींची खोली पत्र्याखाली आहे. बारा खाटा, दोन खिडक्या. एप्रिल लागला की दुपारी त्या खोलीत उभं राहवत नाही. बाळांच्या अंगावर घामोळं, टाळू तापलेली, आया भिंतीला पाठ लावायला भितात कारण भिंतही भाजते. आणि त्याच आवारात साहेबांच्या केबिनला एसी! मी पत्रक काढलं : 'साहेब गारेगार, बाळंतीण भट्टीत!' एसटी स्टँडपासून भाजी मंडईपर्यंत स्वतः वाटलं. मागणी एकच, वॉर्ड थंड करा.

महिन्याभरानं उत्तर आलं. 'लाभार्थी महिलांचाच विरोध असल्याने सदर मागणी दप्तरी दाखल करण्यात येत आहे.' सोबत बायकांच्या सह्या आणि अंगठे. पहिला अंगठा राधाक्कांचा.

राधाक्का म्हणजे त्या वॉर्डात बाळ-बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालणारी बाई. कबनूरची, तीस वर्षं त्याच न्हाणीघरात. मी तणतणत गेले.

"राधाक्का, तुम्ही अंगठा दिलात? माझ्या विरोधात?"

"दिला की," त्या बंबात ढलपी सरकवत म्हणाल्या. "वली बाळंतीण, आणि तिच्यावर गार वारं सोडणार तू? कानात वारं शिरलं म्हंजे जल्मभर डोस्कं धरून बसतीया बाई."

"हा सगळा अडाणीपणा आहे."

राधाक्कांनी वर बघितलं. "तुला पोरं किती झाली गं?"

खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या. घामानं निथळत, कानाला फडकी बांधून, पदरानं बाळाला वारा न घालता. मला लग्न नाही, पोर नाही. मी तिथून निघाले ती रागानं लाल होऊन, आणि तो राग साहेबांवर कमी आणि त्या बायकांवर जास्त होता. हे मी पत्रकात कधी लिहिलं नसतं. इथं लिहितेय.

त्याच सुमारास नॉर्वेतल्या सार्वजनिक सेवेतल्या कामगारांच्या एका संघटनेचं निमंत्रण आलं. दोघांनी यावं, आमची कामं बघावीत. अट मला फार आवडली : एक चळवळीतला माणूस, आणि एक हातानं काम करणारा. बघण्याच्या यादीत एक ओळ होती : समुद्राच्या पाण्यावर ऊब घेणारा वृद्धाश्रम आणि शाळा. मी तिथंच बोट ठेवलं. पुढारलेल्या देशाचा दाखला आणून साहेबांच्या टेबलावर आपटायचा आणि राधाक्कांच्या तोंडावरही, एवढा माझा हिशेब.

साहेब म्हणाले, "छान. पण कोल्हापुरात समुद्र कुठनं आणणार बाई? रंकाळ्याला भरती आणताय काय?"

हातानं काम करणारा माणूस म्हणून मी सिद्राम आण्णांना घेतलं. संकेश्वरकडचे लिंगायत, साठी ओलांडलेले, उद्यमनगरात पंप दुरुस्तीचं दुकान. प्रसूतिगृहाच्या टाकीवरचा पंप तेच बघतात. बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. मला ते 'तंगी' म्हणतात, म्हणजे धाकटी बहीण.

"आण्णा, नॉर्वेला येता का?"

"तितं पंप हाय काय?"

"समुद्रातला."

"मग येतो की."

विमानतळ

प्रवासाचं सांगण्यासारखं एकच. आण्णा चोख शाकाहारी. परदेशात काय मिळेल याचा भरवसा नाही म्हणून त्यांच्या घरच्या वैनींनी ज्वारीच्या कडक भाकरींची चळत बांधून दिली होती. महिनाभर टिकणारी, पापडासारखी कडकडीत. ओस्लोच्या विमानतळावर तपासणाऱ्या पोरीनं ती चळत बाहेर काढली, एक भाकरी उजेडात धरली आणि टेबलावर टकटक वाजवून पाहिली.

"हे काय आहे?"

मी इंग्रजीत सांगायला तोंड उघडेपर्यंत आण्णांनी एक तुकडा मोडला, स्वतः खाल्ला, दुसरा तिच्यापुढं धरला. तिनं घेतला! चावला, आणि मागच्या माणसाला तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. दोघं हसली आणि आम्हाला सोडलं. काय म्हणाली ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

स्टुरवोग, पहिला दिवस

गाव समुद्राच्या एका चिंचोळ्या फाट्यावर. लाकडी घरं, लाल नाहीतर पिवळी. मागं डोंगर, पुढं काळं पाणी. मासे पकडणं हाच धंदा. आम्हाला घ्यायला आर्ने आला होता. वृद्धाश्रमाचं यंत्रघर सांभाळणारा, आण्णांच्याच वयाचा, उंच, आणि बोलायला कंजूष. इंग्रजी त्याचं माझ्याइतकंच, म्हणजे कामापुरतं.

वृद्धाश्रम म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली होती. म्हाताऱ्या आईबापांना टाकून देणारी माणसं, असं मनात. आत गेले तर सरकारी इमारतीत शिरल्यावर जो वास यायला हवा तो आलाच नाही. फरशी लखलखीत, खिडक्यांना पडदे, म्हातारी माणसं स्वेटर विणत, पत्ते खेळत. मालक कोण म्हणून विचारलं. आर्ने म्हणाला, "गाव." एवढंच. त्या एका शब्दावर माझी चार पत्रकं झाली असती.

आणि ऊब! बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी, आत लोक सुती सदऱ्यात. शेगडी नाही, चूल नाही, धूर नाही.

आर्ने आम्हाला तळघरात घेऊन गेला. एक पंप, एक भलंमोठं कपाट, भरपूर पाइप. पंप समुद्राच्या खोल पाण्यातून पाणी ओढतो. ते पाणी पातळ पत्र्यांच्या एका पेटीतून फिरतं, आपली थोडी उष्णता देतं आणि जरा जास्त गार होऊन परत समुद्रात जातं. कपाट ती थोडी थोडी उष्णता गोळा करून दाबतं, तापवतं आणि इमारतीच्या फरशीखालच्या पाइपांत सोडतं.

"त्या गोठायला आलेल्या पाण्यात उष्णता?" मला हे फसवणुकीसारखं वाटलं. मी तसं म्हणालेही.

आर्ने रागावला नाही. त्यानं कोपऱ्यातल्या जुन्या फ्रिजचं दार उघडलं, माझा हात आत धरला. गार. मग तोच हात फ्रिजच्या मागच्या जाळीवर ठेवला. गरम.

आण्णा ओरडले, "आलं ध्यानात! समुद्राला फ्रिजात ठिवलाय आणि ही म्हातारी मंडळी पाठीमागं शेकत बसल्यात!"

मी भाषांतर केलं. आर्ने पहिल्यांदा हसला आणि आण्णांच्या पाठीत थाप मारली. त्यानंतर त्या दोघांना माझी गरज फारशी लागली नाही.

"खोल पाणी वर्षभर सारखंच," आर्ने सांगत होता. "वर हिवाळा असो की उन्हाळा. खाली बदल फार कमी."

"विहिरीगत," आण्णा म्हणाले. "आपली विहीर थंडीत कोमट लागती आणि उन्हाळ्यात गार. विहीर हाय तशीच असती तंगी, बदलतोय आपुन."

मी वहीत लिहून घेतलं. पण खरं सांगते, त्या रात्री मी नाराजच झोपले. हे लोक थंडीशी भांडत होते, आम्ही उकाड्याशी. याचा दाखला नेऊन आपटायचा कुठं?

दुसरा दिवस

आज खाण्याबद्दल. सकाळी ओटांची पेज, घट्ट, करडी, वर लोण्याचा गोळा. आण्णांनी चमचा उभा केला. चमचा उभाच राहिला.

"ही पेज न्हवं, ही खळ हाय. कबनूरला सायझिंगमधी सुताला लावत्यात ती." पण वैनींनी दिलेली शेंगदाण्याची चटणी त्यात कालवून त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या इंग्रिड आजी, वय नव्वदीपार, त्यांनीही वाटी पुढं केली. चटणीनं त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "आणखी."

दुपारी आर्नेनं घरून एक डबा आणला. आत पातळ, गोल, कडकडीत भाकरी. बार्लीच्या पिठाची. त्याची आई हिवाळ्याआधी भाजून फडताळात रचून ठेवायची म्हणे, महिनोनमहिने. आण्णांनी आपली भाकरी शेजारी ठेवली. दोन म्हातारे दोन देशांच्या भाकऱ्या टेबलावर वाजवून बघत बसले. विमानतळावरची पोरगी काय म्हणाली असेल ते मला तेव्हा कळलं : ही तर आपलीच भाकरी.

माझ्या ताटात मासा होता. उकडलेला, सोबत उकडलेला बटाटा, मीठही लाजत लाजत घातलेलं. एवढा ताजा मासा आणि त्याला तिखटाचा स्पर्श नाही! ज्या गावानं समुद्रातून ऊब काढली त्याला माशाचा रस्सा काढता येऊ नये, याचा मी तिथंच तोंडी निषेध नोंदवला. आर्ने म्हणाला, तक्रार स्वयंपाकघराकडे करा.

तिसरा दिवस

सकाळी उठले ती थंडीनं. फरशी गार पडली होती. खाली हॉलमध्ये म्हातारी माणसं दोन-दोन रजया घेऊन बसली होती. बाहेर वादळ, समुद्र किनाऱ्यावर आपटत होता.

तळघरात आर्ने घामाघूम. थंडीत घाम! वादळानं काही वेळ वीज गेली, पंप थांबला, आणि आता पाणी उचलेना. पंप पुन्हा चालू करायचा तर तो आणि त्याचा ओढीचा पाइप आधी पाण्यानं भरावा लागतो. आर्ने बादली बादली ओतत होता, आणि भरलेलं पाणी खाली निघून जात होतं. कंपनीचा माणूस यायला रस्ता बंद. जुना तेलाचा बॉयलर मागच्याच वर्षी काढून टाकलेला. विजेच्या दोन शेगड्या होत्या, त्या आजारी माणसांच्या खोल्यांत नेऊन ठेवल्या होत्या.

आण्णांनी पंपाच्या गळ्यावर हात ठेवला, एक बादली स्वतः ओतली, पाइपला कान लावून ऐकलं.

"फुटवाल गळतोय."

म्हणजे समुद्रात बुडालेल्या पाइपच्या टोकाला जी झडप असते, पाणी खाली जाऊ न देणारी, तिच्यात काहीतरी अडकलं होतं. ते काढायला पाणबुड्या लागणार, आणि त्या वादळात कोण उतरणार?

"तंगी, याला इचार, शेण कुठं मिळंल."

मी पंपाकडं बघत राहिले.

"इचार की! शेणकाला ओतायचा. घट्ट पाणी फटीत बसतंय, झडप धरती, तेवढ्यात पंप मारायचा. आपल्याकडं ऊसाला पाणी पाजणारं बारकं पोरगंबी सांगंल."

मला काय वाटलं सांगू? लाज. पुढारलेल्या देशाच्या तळघरात, चकाकणाऱ्या यंत्रासमोर, भारताचे प्रतिनिधी शेण मागतायत. दोन-तीन क्षण मी भाषांतर केलं नाही. जी मी राधाक्कांना अडाणी म्हणाले होते तीच मी, आण्णांनाही मनात तेच म्हणत होते.

मग वरच्या मजल्यावरून कुणाच्यातरी खोकल्याचा आवाज आला. इंग्रिड आजींचा. मी आर्नेला सांगितलं. शेण.

तो हसला नाही. विचार केला. "गाई आहेत. डोंगराच्या पलीकडे. रस्ता बंद."

आण्णांनी डोकं खाजवलं, आणि एकदम म्हणाले, "मग ती खळ आण!"

मी धावत वर. स्वयंपाकघरात सकाळच्या पेजेचं भांडं तसंच होतं. स्वयंपाकीणबाईंना काय सांगितलं ते आठवत नाही. आख्खं भांडं उचललं आणि खाली. आण्णांनी ती पेज कोमट पाण्यात मळून मळून सारखी केली, गुठळी ठेवली नाही. आर्नेनं हात आडवा घातला. त्याचं म्हणणं रास्त होतं : त्या पेटीतल्या पत्र्यांमधल्या फटी कागदाएवढ्या, पेज तिथं गेली तर सगळंच बसलं.

आण्णांनी पाइपवर बोट फिरवून दाखवलं. पेटीच्या आधीचा कॉक बंद. हा दुसरा, समुद्राकडं जाणारा, उघडा. पहिलं पाणी बाहेर. स्वच्छ आलं की मग पेटीत. आर्नेनं बोटाच्या मागं मागं नजर फिरवली, आणि स्वतःच्या हातानं कॉक फिरवला.

ओतली. पाणी खाली गेलं, हळू झालं, आणि थांबलं. पंपाच्या तोंडाशी पाणी काठोकाठ उभं राहिलं!

"मार!" आण्णा ओरडले. हा शब्द कुणी भाषांतर करून सांगावा लागला नाही. आर्नेनं बटण दाबलं. पंप खाकरला, थरथरला, आणि मग त्यानं तो आवाज धरला, भरल्या पाण्याचा जड आवाज. बाहेरच्या तोंडातून करडी पेज समुद्रात पडली, मग गढूळ पाणी, मग काचेसारखं.

"साकु," आण्णा म्हणाले. पुरे. आर्नेनं पेटीचा कॉक उघडला.

आम्ही वर आलो तेव्हा स्वयंपाकीणबाईंनी सगळ्यांना बातमी दिली होती. बत्तीस म्हाताऱ्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. आण्णांनी हात जोडले आणि मला कानात म्हणाले, "आता पंप बंद करायचा न्हाय म्हणून सांग त्याला. झडप साफ करीपर्यंत नाद करायचा न्हाय." पुढं दोन महिन्यांनी आर्नेचं पत्र आलं. पाणबुड्याला झडपेत एक शिंपला सापडला होता. त्यानं तो पत्रात घालून पाठवला. आण्णांच्या दुकानात गणपतीशेजारी आहे.

त्याच दिवशी, दुपारी

फरशी परत कोमट झाली होती. इंग्रिड आजींनी टेबलावर मेणबत्ती लावली. तिथं ती पद्धतच आहे, भरदिवसाही जेवताना मेणबत्ती. आम्ही कॉफी पीत होतो. मी सहज ज्योतीकडं बघत होते.

आमचं घर बौद्ध. रोज संध्याकाळी वंदनेला मेणबत्ती लागते, आणि ती लावायच्या आधी पंखा बंद करावा लागतो, नाहीतर ज्योत टिकत नाही. उन्हाळ्यात आख्खी वंदना घामात. लहानपणापासून मला माहीत : ज्योत हवी तर वारा नको, वारा नको तर उकाडा सोसा.

आणि इथं ज्योत उभी होती. सरळ. हलत नव्हती. एवढी मोठी इमारत उबदार होती, आणि वारा कुठंच नव्हता.

मी कप खाली ठेवला. "आर्ने, तुमची ती शाळा उन्हाळ्यात गार करावी लागत असेल ना? कशानं? पंख्यानं?"

"नाही. त्याच पाइपांनी. गार पाणी फिरवतो."

"वारा लागत नाही?"

"वारा कशाला लागेल?"

"आणि काढलेली उष्णता?"

"शाळेच्या पोहण्याच्या तलावाला देतो. फुकट का घालवायची?"

माझ्या डोळ्यांपुढं न्हाणीघर आलं. बंबात ढलप्या कोंबणाऱ्या राधाक्का, पहाटेपासून धूर, बारा बाळंतिणींचं कढत पाणी. त्या खोलीत एकीकडं उष्णता नको म्हणून जीव जातोय, आणि भिंतीपलीकडं उष्णता हवी म्हणून लाकडं जळतायत. आणि मी तिथं जाऊन काय मागत होते? एसी. कानात वारं.

त्या बायका उकाडा हवा असं कधी म्हणाल्याच नव्हत्या. वारा नको म्हणाल्या होत्या. एवढं साधं ऐकायला मला एवढ्या लांब यावं लागलं.

"आण्णा, प्रसूतिगृहाच्या मागं विहीर आहे."

"हाय की. कवा आटल्याली न्हाय." आण्णांचं लक्ष ज्योतीवर गेलं, मग माझ्यावर, मग परत ज्योतीवर. "फरशीत पाइप घालू नगं. बाळंतिणीचं पाय गार पडत्यात. वरनं घालू. पत्र्याच्या खाली."

आम्ही दोघं हसायला लागलो. इंग्रिड आजीही हसल्या, काही न कळता.

परत कोल्हापूर

साहेबांनी परवानगी दिली ती चेष्टा म्हणून. "एक महिना. बायकांनी हो म्हटलं तर ठेवा, नाहीतर तुमचे पाइप तुम्ही काढून न्यायचे." लेखी दिलं. मी लेखी घेतल्याशिवाय उठतच नाही.

उद्यमनगर काय चीज आहे ते तेव्हा बघायला हवं होतं. आजऱ्याकडच्या एका बंद पडलेल्या दूध शीतकरण केंद्रातलं यंत्र आण्णांनी उचलून आणलं. दूध गार करणारं यंत्र आणि आर्नेचं कपाट, दोन्ही एकाच जातीचं. फक्त दुधाची उष्णता ते हवेत फेकून देत होतं; वॉर्डातली उष्णता आण्णांनी न्हाणीघराच्या टाकीत वळवली. पत्र्याखाली पाइपांची जाळी, तिच्याखाली पांढरं छत. विहिरीचं पाणी जाळीतून फिरायचं आणि परतीचं पाणी संडासाच्या आणि धुण्याच्या टाकीत. दुपारच्या कडाक्यात तेच पाणी आणखी गार करायला यंत्र हातभार लावायचं. विहिरीचा फूटव्हॉल्व्ह आण्णांनी नवा बसवला. "हितं पेज कोण करणार?"

मेच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी दोनला, मी राधाक्कांना बोलावलं. त्या दारातच उभ्या राहिल्या. पदर कानावरून घट्ट ओढलेला.

"बाळंतिणी कुठायत?"

"शेजारच्या खोलीत. आधी तुम्ही बघा. तुम्ही नको म्हणालात तर आजच काढतो."

"वारं सोडलंस?"

मी उदबत्तीचा पुडा आणि काडेपेटी त्यांच्या हातात दिली.

राधाक्का कुणाचं ऐकून विश्वास ठेवणाऱ्या नव्हेतच. त्यांनी उदबत्ती पेटवली, पहिल्या खाटेच्या उशाशी धरली. धूर सरळ वर. दुसरी खाट, पायथा, खिडकीची फट, कोपरा. आम्ही सगळे दम धरून. आण्णांनी तर श्वासच रोखला होता, धूर हलला तर आपल्यामुळं हलायला नको म्हणून. बाराही खाटा झाल्या. धूर प्रत्येक ठिकाणी सुतासारखा.

"पंखा बंद हाय न्हवं?"

"पंखाच काढलाय."

"मग हे गार कशानं वाटालंय?" त्यांनी भिंतीला हात लावला, तीस वर्षं भाजणाऱ्या त्या भिंतीला, आणि हात तिथंच ठेवला.

"चला, न्हाणीघरात."

नळ सोडला. वाफ आली. राधाक्कांनी सवयीनं कोपर पाण्यात घातलं, जसं बाळासाठी बघतात. बंबाकडं बघितलं. बंब थंडगार, आत राखसुद्धा नाही.

"हे कुठल्या लाकडावर तापलं?"

"तुमच्या वॉर्डातल्या उकाड्यावर, राधाक्का. तिथला काढला आणि इथं घातला."

त्यांनी कोपर पुन्हा पाण्यात घातलं. नळ वाहत होता. मग म्हणाल्या, "आधी का न्हाई सांगितलंस? त्या कागदावर नुसतं थंड करा, थंड करा लिव्हलं हुतंस."

"मलाच ठाऊक नव्हतं."

"मग असं म्हण की." आणि बाहेर जाऊन त्यांनी हाक दिली, "ए पोरींनो, या गं आत! कान बांधा आणि या!"

साहेबांकडं गेलेल्या नव्या कागदावर पहिला अंगठा त्यांचाच होता. हात ओला, त्यामुळं शाई जरा पसरली होती. साहेबांनी भिंग घेऊन बघितला, पण नाकारायला कारण सापडलं नाही. पाइप राहिले. पुढच्या वर्षी दवाखान्यातल्या पुरुषांच्या वॉर्डानं तसेच मागितले. मी त्यांना सांगितलंय, रांगेत या.

परवा पुन्हा गेले होते, असंच, भर दुपारी. बाळंतिणी झोपल्या होत्या. बाळं झोपली होती. आणि दाराशी, फरशीवर चटई टाकून, जिनं तीस वर्षांत दुपारी त्या खोलीत बूड टेकलं नव्हतं ती राधाक्का घोरत होती. बिनधास्त, तोंड उघडं टाकून. कानाला फडकं मात्र घट्ट बांधलेलं.

मी दार हळूच ओढून घेतलं.